हाताने तपासून घरी पाठवतात, पेट स्कॅन का सांगत नाहीत?

पत्र : मी देवगड तालुक्यातली. वय ५४. अडीच वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला. नंतर किमो झाली, लाईट (रेडिएशन) झाली, आता रोज लेट्रोझोलची गोळी आहे. दर सहा महिन्यांनी मुंबईला तपासणीला जाते. रात्रभर गाडी, सकाळपासून ओपीडीत बसायचं. डॉक्टर पाच मिनिटं काहीबाही विचारतात, हाताने तपासतात आणि ‘छान आहे, पुढची तारीख घ्या’ म्हणतात. वर्षातून एकदा उजव्या बाजूची मॅमोग्राफी, बाकी काही नाही. आमच्या ओळखीच्या एक बाई खाजगीत उपचार घेतात, त्यांचा दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन आणि रक्तातला मार्कर होतो. मुलगा म्हणतो, आई, त्या गर्दीत तुझ्याकडे कोण बघणार, आंब्याचे पैसे आले की आपण स्कॅन करून घेऊ. खरंच माझ्याकडे दुर्लक्ष होतंय का? आणखी एक. दोन महिने झाले, कंबरेच्या जरा वर मणक्यात एकाच जागी दुखतं. रात्री जास्त. पेट्या उचलून झालं असेल. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी ‘काही त्रास?’ विचारलं, तेव्हा मुलगा बाजूला उभा होता, मागे रांग होती. मी ‘काही नाही’ म्हटलं.

उत्तर :

ताई, तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलंत ते मी आधी घेते. पेट स्कॅनचं, म्हणजे सगळ्या अंगात कुठे कॅन्सर दिसतो का ते बघणाऱ्या स्कॅनचं, त्यानंतर बोलू.

मणक्यात एकाच जागी, दोन महिने, रात्री जास्त. हे दुखणं पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या तारखेपर्यंत, अंगावर काढायचं नाही. ते कॅन्सरचंच आहे असं मी म्हणत नाही. हंगामात आंब्याच्या पेट्या उचलणाऱ्या बाईची पाठ दुखायला साधी कारणं पुष्कळ असतात. पण स्तनाचा कॅन्सर पसरायचा झाला तर त्याची सर्वांत नेहमीची जागा हाडं, आणि त्यात मणका पुढे. तुम्हाला लेट्रोझोल दिलंय म्हणजे तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी होती, आणि त्या प्रकारात हाडांचा कल अधिक असतो. म्हणून ‘पेट्यांमुळे असेल’ हे अनुमान तुम्ही किंवा मी करायचं नाही. ते तपासणीनेच ठरू दे.

लेट्रोझोलनेही दुखतं, हे तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. पण त्या दुखण्याची रीत निराळी. सकाळी बोटं आखडलेली असतात, मूठ नीट वळत नाही, दोन्ही गुडघे धरतात, आणि चूल-पाणी आवरून हालचाल सुरू झाली की हळूहळू सैल पडतं. हाडात बसलेल्या आजाराचं दुखणं बहुतेक वेळा एक जागा धरून असतं, आठवड्यागणिक वाढतं, आडवं झाल्यावर उतरण्याऐवजी चढतं आणि साध्या गोळीला दाद देत नाही. आणखी एक शक्यता आहे, तिचं नाव क्वचित कुणी काढतं. लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन फार खाली आणतं, त्यामुळे हाडं विरळ होतात आणि कधी कधी जड उचलताना मणका दबतो. त्याचे उपाय वेगळे आहेत, पण तेसुद्धा वेळेत कळायला हवं.

तर करायचं असं. फाइलवर ओपीडीचा नंबर असेल, तिथे फोन करून सांगा की नवीन दुखणं सुरू झालंय, तारीख अलीकडे हवी. जमत नसेल तर तारखेविना थेट जा. नवीन तक्रार घेऊन आलेल्या जुन्या रुग्णाला बघतात. तोवर कणकवलीला किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवून घ्यायला हरकत नाही, मात्र जाताना फाइल हातात असू द्या आणि बसल्याबसल्या पहिलं वाक्य ‘मला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय’ हेच बोला. नाहीतर पाठदुखीची गोळी आणि मलम मिळतं, बाई घरी येते आणि महिना आणखी जातो. एक्सरे चांगला आला तरी प्रकरण मिटलं असं समजू नका. हाडाचा बराच भाग, साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा, झिजल्याशिवाय एक्सरेत काही दिसत नाही. अशा दुखण्याला मणक्याचा एमआरआय किंवा बोन स्कॅन लागतो, सोबत रक्तातलं कॅल्शियम वगैरे. कोणता ते तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि तपासणी होईपर्यंत मालिशवाल्याकडून पाठ चोळून, दाबून घेऊ नका, हाड बसवणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका. मणका कमकुवत असेल तर त्यात मोठी इजा होते.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पाय जड वाटायला लागले, चालताना लटपटलात, पायांत किंवा जांघेच्या भागात बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर ती रात्र घरी काढायची नाही. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असते. मुंबईच्या गाडीची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. पाय पूर्ण जायच्या आत उपचार झाले तर ते वाचण्याची आशा चांगली असते, उशीर झाला तर गेलेली ताकद परत येणं कठीण.

आता तुमचा मूळ प्रश्न. नाही, तुमच्याकडे दुर्लक्ष होत नाहीये. तुमची जी तपासणी होते तीच जगभर सांगितली जाते. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी विचारपूस करून हाताने तपासायचं, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. मॅमोग्राफी दरवर्षी. तुमचा डावा स्तन काढलेला असल्याने ती फक्त उजव्या बाजूची. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटना याहून जास्त काही सांगत नाहीत. उलट त्या स्पष्ट म्हणतात, काहीच त्रास नसलेल्या बाईचे पेट स्कॅन, सीटी, बोन स्कॅन, सीए १५-३ सारखे मार्कर (रक्तातल्या कॅन्सरच्या खुणा) नेमाने करू नयेत. खिशात कितीही पैसे असले तरी नियम तोच.

मुलाला हे पटणं अवघड आहे, मला कळतं. आजार लवकर सापडलेला बरा, हे आपण आयुष्यभर ऐकलंय, आणि स्तनात गाठ पहिल्यांदा सापडते तेव्हा ते खरंच असतं. पण दूरच्या अवयवात पसरलेल्या आजाराला ते लागू पडतं का, हे इटलीत प्रत्यक्ष तपासून पाहिलं गेलं. तिथले दोन मोठे अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाले. दोन्हीत मिळून अडीच हजारांहून अधिक बायका होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी, दुसऱ्या गटाचे त्याशिवाय नेमाने छातीचे एक्सरे आणि हाडांचे स्कॅन, त्यातल्या एका अभ्यासात यकृताची सोनोग्राफीही. पाच-सहा वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत जगण्यात फरक नव्हता. त्यातल्या एका अभ्यासाचे दहा वर्षांनंतरचे आकडेही १९९९ मध्ये आले, तेव्हाही नव्हता.

असं का होतं ते सांगते. समजा दोघी आहेत, दोघींच्या हाडात एकाच वेळी आजार उतरला. एकीला स्कॅनमध्ये जानेवारीत कळलं, दुसरीला दुखायला लागल्यावर जुलैत. पसरलेल्या आजारावरची औषधं दोघींना तीच, दोघींवर त्यांचा परिणामही जवळपास तोच. पहिली सहा महिने जास्त जगली असं होत नाही, ती सहा महिने जास्त काळजीत आणि औषधांवर राहिली असं होतं. पसरलेला आजार औषधांनी पुष्कळ काळ आटोक्यात ठेवता येतो, पण बहुतेकदा समूळ जात नाही. त्यामुळे तो चोरपावलांनी यायच्या आत पकडण्याचा जो फायदा आपल्याला वाटतो, तो हाताला लागत नाही.

याउलट काय वेळेत पकडलं तर बरं होतं? ऑपरेशनच्या जागी किंवा काखेत परत आलेली गाठ, आणि उजव्या स्तनात नव्याने उगवलेला कॅन्सर. हे दोन्ही लवकर सापडले तर समूळ काढता येतात. डॉक्टरांचा हात तेच शोधत असतो : व्रणाच्या कडेची त्वचा, काख, गळपट्टीच्या हाडाची वरची खोलगट जागा, मान, उजवा स्तन, पोटावरून यकृत. आणि मॅमोग्राफी त्यासाठीच असते. ती चुकवू नका, या एका तपासणीत मी कसलीच सूट देणार नाही.

इटलीचे अभ्यास जुने आहेत, तेव्हा आजची औषधं नव्हती, असं कुणी म्हणालं तर ते म्हणणं रास्त आहे. म्हणूनच जर्मनीत २०२२ पासून सर्व्हाइव्ह नावाचा अभ्यास चालू आहे, त्यात रक्तातल्या कॅन्सरच्या खुणा धरून पाठलाग केला तर फायदा होतो का ते बघतायत. उद्या त्यातून वेगळं काही निघालं तर नियम बदलतील, आणि बदलायलाच हवेत. आज मात्र बरी असलेल्या बाईने हंगामाची कमाई स्कॅनवर घालावी असं सांगणारा पुरावा नाही.

शिवाय स्कॅनचं नुकसानही होतं, फक्त पैशाचं नाही. पेट स्कॅनमध्ये कॅन्सरच चमकतो असं नाही. जुना क्षय, सूज, जंतुसंसर्ग, लस घेतल्यावर काखेत फुगलेली गाठ, हे सगळं चमकतं. आपल्याकडे क्षयाच्या जुन्या खुणा छातीत घेऊन फिरणारी माणसं थोडी नाहीत. मग ‘संशयास्पद’ असा शेरा येतो, सुई घालून तुकडा काढा, पुन्हा मुंबई, पुन्हा आठ दिवस घराला झोप नाही, आणि शेवटी काही निघत नाही. मार्करचंही तसंच. यकृताच्या साध्या तक्रारीतही सीए १५-३ वर जातो, आणि पसरलेला आजार असताना तो ठीकही असू शकतो. आकडा जरा वर गेला की पेट, तो ठीक आला की तीन महिन्यांनी परत मार्कर, या चक्रात बायका अडकतात आणि बरं झाल्याचं सुख त्यांना मिळतच नाही. तुमच्या ओळखीच्या बाईंना हे सांगायला जाऊ नका. त्यांचा आजार कोणत्या टप्प्यातला, त्यांना काही त्रास होता का, हे आपल्याला माहीत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट बदलली आहे. तुम्हाला आता त्रास आहे. नेमाचा स्कॅन आणि लक्षणासाठी केलेला स्कॅन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याला मी नको म्हणते, दुसरा तुम्ही मागून घ्यावा म्हणते. आंब्याचे पैसे वेगळे काढलेच असतील तर ते या मणक्याच्या तपासणीसाठी असू द्या.

आणि ती पाच मिनिटं. ताई, त्या पाच मिनिटांत डॉक्टर जे ‘काहीबाही’ विचारतात, तीच पसरण्याची तपासणी आहे. पसरलेला आजार बहुतेक वेळा तारखेला सापडत नाही, दोन तारखांच्या मधे बाईला स्वतःलाच काहीतरी जाणवतं. तुमच्या ‘काही नाही’ या दोन शब्दांवर डॉक्टरांनी ‘छान आहे’ लिहिलं. त्यांच्याकडे दुसरा आधार नव्हता.

तुम्ही का लपवलंत तेही समजतं. मुलाच्या चेहऱ्यावर पुन्हा ते दिवस दिसायला नकोत. रांगेत मागे कुणी अशक्त बाई बसलीय, आपण तिचा वेळ का खावा. आपल्याकडच्या बायका असाच विचार करतात, आणि त्यांच्या या समजूतदारपणाची मला काळजी वाटते. पुढच्या वेळी तपासताना मुलाला बाहेर थांबायला सांगा, वाटलं तर सिस्टरना सांगून ठेवा. शब्द पुस्तकी नकोत. ‘हयच दुखता, रातीची झोप नाय, दोन म्हयने झाले’ एवढं म्हटलंत तरी पुरे, मुंबईच्या ओपीडीत मालवणी समजणारं कुणी ना कुणी असतंच.

घरी एक वही ठेवा. रोज काही लिहायचं नाही, रोज अंग चाचपून बघत बसायचंही नाही, त्याने जीव थाऱ्यावर राहत नाही. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी व्रण, काख, उजवा स्तन हाताखालून घाला. बाकी नवीन काही सुरू झालं तरच तारीख घालून लिहा. सर्दी-पडसं नसताना दोन-तीन आठवडे टिकलेला कोरडा खोकला, जिना किंवा घाटी चढताना नव्याने लागणारी धाप, भूक मरून वजन उतरणं, डोळे पिवळे होणं, उजव्या बरगडीखाली जड वाटणं, सकाळी उठल्यावर उलटीसह डोकं दुखणं, झटका येणं, नजर दुहेरी होणं, व्रणाजवळ त्वचेवर पुटकुळीसारखी घट्ट गाठ. यातलं डोक्याचं, नजरेचं, धापेचं किंवा डोळे पिवळे होण्याचं असेल तर लगेच दाखवा, झटका आला तर त्याच क्षणी. बाकीचं दोन आठवड्यांत गेलं नाही तर फोन. पुढची तारीख लांब आहे म्हणून थांबायचं नाही, इतकंच पाळा. आणि हे फक्त पाच वर्षांपुरतं नाही. हार्मोनवर वाढणारा आजार दहा, पंधरा, कधी वीस वर्षांनीही डोकं वर काढतो. पाच वर्षं झाली, सुटलो, म्हणून तपासणी सोडलेल्या बायका मी पाहिल्यात.

समजा एमआरआयमध्ये नको ते निघालं, तर? तुमच्या मनात हा प्रश्न आहे, तुम्ही लिहिला नाहीत. फक्त हाडांत पसरलेला, हार्मोनवर वाढणारा आजार असेल तर बऱ्याच बायका गोळ्यांवर कित्येक वर्षं घरचं, बागेचं बघत राहतात. दुखऱ्या जागी थोडे दिवस लाईट देतात, त्याने दुखणं पुष्कळ उतरतं. हाडं घट्ट ठेवायची इंजेक्शनं आहेत. पाल्बोसिक्लिबसारख्या गोळ्या पूर्वी परवडण्यापलीकडे होत्या, २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या आल्या आणि किंमत खूप खाली आली. तेव्हा भीतीपोटी तपासणी टाळण्यासारखं काही नाही. मणका मोडायच्या आत कळलं तर त्याचा उपयोग आहे.

गोळीविषयी. दुखतंय म्हणून लेट्रोझोल मनाने बंद करू नका. आजार परत येऊ नये म्हणून तुमच्या हातात जे काही आहे, त्यात ही गोळी सगळ्यांत मोठी. सांधे असह्य झाले तर डॉक्टर त्याच जातीची दुसरी गोळी देऊन बघतात किंवा टॅमॉक्सिफेन या निराळ्या जातीच्या हार्मोनच्या गोळीवर नेतात. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल तर या फेरीत मुद्दाम विचारा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचंही. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद होतो, तालुक्याच्या दुकानात गोळी नसते, म्हणून मे संपायच्या आत तीन महिन्यांची आणून ठेवा.

डाव्या हाताला सूज येत नसेल तरी काजूच्या बिया सोलताना हातमोजे घाला. काजूच्या चिकाने भाजलं, काटा रुतला, कोयता लागला आणि काखेतल्या गाठी काढलेल्या हातात जंतू शिरले तर तो भराभर सुजतो. लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रवासाचं सांगते, कारण तारखा चुकतात त्या तिथेच. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी आणि नेमाच्या तपासणीसाठीही सवलत आहे. स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातला दाखला सही-शिक्क्यासह घ्यायचा आणि स्टेशनच्या खिडकीवर दाखवायचा. कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेस दादरला सोडते. एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहेच, तेव्हा देवगड-कणकवलीचंही फार नाही.

आत्ताच्या फेरीला सप्टेंबरपर्यंत थांबायचं नाही हे ठरलं. सप्टेंबरची तारीखही रद्द करू नका, पण ती गणपतीच्या आगेमागे येते का ते पंचांगात बघा. चाकरमान्यांच्या गर्दीत परतीचं आरक्षण मिळणार नाही आणि घरी गणपती असताना तुम्ही निघणारही नाही. याच फेरीत खिडकीवर तारीख आठ-पंधरा दिवस पुढे किंवा मागे करून मागा, करून देतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, मुलाला तेवढं काम द्या. आणि एमआरआय झाला की रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते मला कळवा.